गोळी शुद्ध, कामगार वाऱ्यावर

मुलगा औषध कंपनीत प्रोजेक्ट इंजिनिअर झाला की आईबाप अभिमानाने सांगतात, "पोरगा फार्मात आहे." परंतु तो तिथे गोळ्या बनवत नाही. गोळ्या जिथे बनतात तो कारखाना तो उभा करतो. रिअ‍ॅक्टर कुठे बसवायचा, सॉल्व्हंटची टाकी किती अंतरावर ठेवायची, भुकटीच्या खोलीतली हवा कुठून ओढून कुठे सोडायची, शुद्ध पाण्याच्या नळीत पाणी साचून जंतू वाढतील असा कोपरा राहिला आहे काय, हे त्याने पाहायचे असते. यंत्र नीट बसले, नीट चालते आणि रोज तसेच चालते, हे कागदोपत्री सिद्ध करायचे असते. डिसेंबर 2023 मध्ये सुधारलेल्या 'शेड्यूल एम'ने हा काटेकोरपणा आणखी वाढवला. तो हवाच. गाम्बियात 2022 साली झालेल्या बालमृत्यूंशी भारतात बनलेल्या खोकल्याच्या औषधाचे नाव जोडले गेले, हे विसरता येत नाही.

आमचा प्रश्न वेगळा आहे. गोळीसाठी एवढी दक्षता घेणाऱ्या कारखान्यात माणसे का जळतात?

21 ऑगस्ट 2024 रोजी आंध्रातील अच्युतापुरम येथे सॉल्व्हंटच्या वाफेचा स्फोट होऊन 17 जण गेले. 30 जून 2025 रोजी तेलंगणातील पाशमैलारम येथे चाळीसहून अधिक कामगारांचा बळी गेला. तिथे गोळीत भर घालायची सेल्युलोजची भुकटी बनत होती. आपल्या महाडनेही नोव्हेंबर 2023 मध्ये हेच पाहिले. बारीक भुकटी हवेत पसरली की एक ठिणगी पुरते. म्हणून ड्रायरला स्फोटाचा दाब बाहेर सोडणारी झडप, स्थिर विजेसाठी अर्थिंग, ज्वालारोधक दिवे लागतात. हे सारे नकाशावरच ठरते. आणि 'बजेट कमी करा' असे फर्मान सुटले की कात्रीही बहुधा इथेच लागते! अमेरिकेच्या एफडीएचा निरीक्षक येणार म्हटले की भिंतीला नवा रंग चढतो, पण तो येतो गोळी तपासायला. ईटीपीच्या टाकीत उतरणाऱ्या कंत्राटी कामगाराची विचारपूस करणे हे त्याचे काम नव्हे.

वकील म्हणून आम्हाला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेच्या कलम 9 मध्ये 'प्रोजेक्ट इंजिनिअर' हा शब्दच आहे. बांधकामाच्या नियोजनातच कामगारांच्या सुरक्षिततेचा विचार करणे हे त्याचे कर्तव्य ठरवले आहे. पुढे देखभाल करताना उद्भवणारा धोकाही त्यात धरला आहे. यंत्रांचा आराखडा करणाऱ्यांसाठी व ती बसवणाऱ्यांसाठी कलम 8 आहे. या संहितेने कामगारांचे काही जुने संरक्षण सैल केले, हा आमचा आक्षेप कायम आहे. परंतु जे कलम हाती आहे ते वापरायचे की नाही?

उद्या स्फोट झाला तर मालक म्हणेल, आराखडा इंजिनिअरचा होता. तेव्हा तोंडी सांगितलेले कोर्टात टिकत नाही. धोक्यांची छाननी होते त्या हॅझॉप बैठकीत आपली हरकत नोंदवून घ्या. झडप वगळायला सांगितले तर तो आदेश लेखी मागा. 'नंतर बसवू' म्हणाले तर तारीख लिहून घ्या, आणि ती बसेपर्यंत हस्तांतरणाच्या कागदावर सही करू नका.