ल्युकेमियाची भूक

रक्तात पेशींखेरीज साखर, अमिनो आम्लं, जीवनसत्त्वं, युरिक अ‍ॅसिड असे शेकडो लहान रेणू विरघळलेले असतात. पेशींच्या चयापचयात ते खर्ची पडतात किंवा त्यातूनच तयार होतात. त्यांना मेटाबोलाइट म्हणतात. ल्युकेमियात पांढऱ्या पेशींची बेसुमार पैदास होते आणि या रेणूंचा हिशेब बिघडतो. तो कसा बिघडतो, हे मात्र आजाराच्या प्रकारावर ठरतं. पेशी लिम्फॉइड आहेत की मायलॉइड, आजार झपाट्याने वाढणारा आहे की संथ, यावरून चार मुख्य प्रकार पडतात.

रोगट पेशींच्या भुकेचा पहिला धागा मुंबईत सापडला, तोही भलत्याच आजाराच्या निमित्ताने. १९२८ साली ल्यूसी विल्स ही ब्रिटिश डॉक्टर कापड गिरण्यांतल्या गरोदर बायकांचा अ‍ॅनिमिया अभ्यासायला मुंबईत आली. यीस्टच्या अर्काने, म्हणजे पावाला लावायच्या साध्या मार्माइटने, त्या बायकांचं रक्त सुधारलं. त्यातला अनोळखी घटक पुढे फोलेट म्हणून ओळखला गेला. रक्त भरून काढणारा हा पदार्थ ल्युकेमियातही उपयोगी पडेल, अशा आशेने बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी आजारी मुलांना तो दिला, तर आजार उलट भडकला. फार्बर यांनी त्यातून नेमका बोध घेतला. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाताखालच्या रसायनतज्ज्ञांनी फोलेटची हुबेहूब पण निकामी नक्कल, अमिनोप्टेरिन, तयार केली होती. ती दिल्यावर १६ पैकी १० मुलांचा आजार काही काळ ओसरला. हे १९४८ साली प्रसिद्ध झालं. त्याच जातीचं मेथोट्रेक्सेट लहान मुलांच्या ल्युकेमियात आजही चालतं. अशा मुलाला शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सांगण्यावरून रक्तवाढीचं टॉनिक पाजणं धोक्याचं, कारण त्यात बहुधा फॉलिक अ‍ॅसिड असतं.

लहान मुलांत सर्वाधिक आढळणाऱ्या तीव्र लिम्फॉइड ल्युकेमियाची आणखी एक दुखरी नस म्हणजे अ‍ॅस्परजिन. हे अमिनो आम्ल निरोगी पेशी स्वतः बनवतात. रोगट लिम्फोब्लास्ट पेशींना ते फारसं जमत नाही, म्हणून त्या रक्तातून उचलतात. अ‍ॅस्परजिनेज हे इंजेक्शन रक्तातलं अ‍ॅस्परजिनच मोडून टाकतं आणि या पेशी उपाशी मरतात.

तीव्र मायलॉइड ल्युकेमियात गोष्ट उलटी आहे. सुमारे पाचातल्या एका रुग्णाच्या पेशींत आयडीएच या एन्झाइमच्या जनुकात बदल झालेला असतो आणि त्या २-हायड्रॉक्सीग्लुटारेट नावाचा पदार्थ भरमसाट बनवतात. त्यामुळे पेशी पिकतच नाहीत, कच्च्याच राहतात. हा पदार्थ रक्तातही मोजता येतो. त्याचं उत्पादन थांबवणाऱ्या गोळ्या २०१७ पासून उपलब्ध झाल्या. संथ मायलॉइड प्रकारात रक्तातलं बी-१२ अनेकदा खूप वाढलेलं दिसतं. ते आहारातून आलेलं नसतं, तर वाढलेल्या पांढऱ्या पेशी बी-१२ धरून ठेवणारं प्रथिन रक्तात सोडतात.

दौंडसारख्या तालुक्याच्या गावातल्या लॅबमध्येही होणारी युरिक अ‍ॅसिडची तपासणी साधी, पण तिचं मोल मोठं. दौंडहून पुण्याला किंवा परळच्या टाटा रुग्णालयात गेलेल्या रुग्णाचं रक्त उपचाराच्या पहिल्या दिवसांत पुन्हा पुन्हा का काढतात, हे घरच्यांना कळत नाही. औषधाने पेशी एकदम फुटल्या की आतला माल रक्तात सांडतो: पोटॅशियम आणि फॉस्फरस वाढतं, कॅल्शियम घटतं, युरिक अ‍ॅसिडचे खडे मूत्रपिंडात अडकतात. यालाच ट्यूमर लायसिस म्हणतात. संथ लिम्फॉइड प्रकारात हा धोका पूर्वी क्वचितच दिसे. व्हेनेटोक्लॅक्स हे औषध आल्यावर तो वाढला, म्हणून त्याची मात्रा २० मिलिग्रॅमपासून ४०० पर्यंत पाच आठवड्यांत चढवतात.

युरिक अ‍ॅसिड रोखायला अ‍ॅलोप्युरिनॉल देतात. खरं तर ते शोधलं गेलं मर्कॅप्टोप्युरिन या ल्युकेमियाच्या गोळीचं शरीरातलं विघटन लांबवण्यासाठी. म्हणूनच दोन्ही एकत्र द्यायची वेळ आली, तर मर्कॅप्टोप्युरिनची मात्रा तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर आणावी लागते. शेकडो मेटाबोलाइट एकाच वेळी मोजून प्रकार ओळखण्याचं संशोधन जोरात आहे, पण निदान अजून बोन मॅरो, फ्लो सायटोमेट्री आणि जनुकांच्या तपासणीवरच होतं.