चा-चा-चा… ढिशूम!

एक कोडं घालू? हाँगकाँग शहरातला एक मुलगा. वय सतरा-अठरा. त्याच्याकडे एक चिमुकली वही आहे. वहीत त्यानं नंबर टाकून 108 गोष्टी लिहून ठेवल्यात. हा मुलगा पुढे कुंग-फूसाठी जगभर गाजणार आहे! मग ओळख पाहू, वहीत काय असेल?

ठोसे? नाही! लाथा? छे! गुप्त डाव? मुळीच नाही!

नाचाच्या स्टेप्स!

हो, हो, नाचाच्या! चा-चा-चा नावाचा एक ठेकेबाज नाच असतो, मूळचा क्यूबा देशातला. आणि हा मुलगा म्हणजे ब्रूस ली! 1958 साली त्यानं हाँगकाँगची चा-चा स्पर्धा जिंकली. आणि त्याच वर्षी शाळाशाळांमधली बॉक्सिंगची स्पर्धासुद्धा! नाचात पहिला, ठोशांतही पहिला. प्रगतिपुस्तकात मात्र त्याचा असा नंबर कधी आला नाही, ते जाऊ दे.

कुंग-फू तो शिकत होता इप मान नावाच्या गुरुजींकडे. त्यांच्या पद्धतीचं नाव विंग चुन. त्यांच्या वर्गात एक गंमत होती. लाकडाचा माणूस! एक जाड खांब, त्याला तीन हात आणि एकच पाय. समोर जोडीदार नसला, की या लाकडोबावर खटाखट हात चालवायचे. आपल्याकडे मल्लखांब असतो ना, त्याचा हा लांबचा चुलतभाऊच म्हण. मल्लखांब म्हणजे तरी काय? मल्लाचा, म्हणजे पहिलवानाचा, खांब!

दुसरी गंमत तर आंधळ्या कोशिंबिरीसारखी. दोघांनी समोरासमोर उभं राहून हाताला हात चिकटवायचे. हात फिरत राहतात, पण सुटत नाहीत. कधीकधी डोळ्यांवर पट्टीसुद्धा! समोरचा आता ढकलणार की ओढणार, हे बघायचं नाही, हातांच्या कातडीनं ओळखायचं. आई अंधारातही चपाती भाजली की नाही ते बोटांनी ओळखते, तसंच!

आता खरी मजा. ब्रूसचा थोरला भाऊ पीटर तलवारबाजी खेळायचा. लवलवती बारीक तलवार, तोंडावर जाळीचा मुखवटा, तो खेळ. ब्रूसनं त्यातलं काय उचललं असेल? तलवार नाही! पाय उचलले!

चल, करूनच बघ. स्वयंपाकघरातल्या फरशीवर उभं राहा. उजवा पाय एका फरशीवर पुढे, डावा मागे. आता पुढे जायचंय. आधी पुढचा पाय सरकव, मग मागचा. मागे यायचं तर आधी मागचा, मग पुढचा. पाय एकमेकांना ओलांडून जाता कामा नयेत. कैचीसारखे अडकले तर धपकन पडायला होईल! जमलं? हीच तलवारबाजाची चाल. उजव्या हातानं जोरात मारणारे बहुतेक बॉक्सर तो हात मागे राखून ठेवतात. ब्रूस मात्र तलवारबाजासारखा उजवा हात पुढे ठेवायचा. का? पुढचा हात समोरच्याच्या जवळ असतो. जवळचा हात लवकर पोचतो. इतकं सोपं!

तलवारबाजीतली आणखी एक युक्ती त्याला फारच आवडली. समोरच्यानं वार करायला सुरुवात केली, की वार अडवत बसायचं नाही. तो वार करत असतानाच आपला वार आधी पोचवायचा! कबड्डीत बघ. चढाई करणारा तुला शिवायला पाय लांबवतो. पाय मागे जाईपर्यंत थांबलं तर गेलाच तो! पाय हवेत असतानाच घोटा पकडायचा. चपळाई हवी हं!

या युक्तीवरूनच ब्रूसनं 1967 मध्ये आपल्या पद्धतीचं नाव ठेवलं. जीत कुन दो. अर्थ काय, तर ठोसा वाटेतच गाठायचा मार्ग. नाव चिनी, युक्ती युरोपातल्या तलवारींची!

आणि व्यायाम? बस खाली, नाहीतर पडायला होईल. आपल्या दंड-बैठका! ब्रूसनं आपल्याकडच्या गामा पहिलवानाविषयीचे लेख वाचले आणि त्याचे व्यायाम स्वतः करायला लागला. तू कधी तालमीत दंड पाहिलेस? कंबर वर, मग छाती जमिनीला घासल्यासारखी खाली, मग मान वर. झोपून उठलेली मांजर आळस देते ना, अगदी तसं! म्हणूनच की काय, इंग्रजीत या दंडाच्या नावात मांजर आलंय. कोल्हापूरच्या तालमीत रोज पहाटे निघणारे दंड, आणि तिकडे अमेरिकेत राहायला गेलेला ब्रूस ली!

अमेरिकेत तो जो भेटेल त्याच्याकडून शिकला. जून री यांनी त्याला कोरियाच्या तायक्वांदोच्या लाथा दाखवल्या, यानं त्यांना आपला ठोसा. जीन लेबेल या धिप्पाड ज्यूदोपटूनं तर, तो स्वतःच सांगायचा, पहिल्या भेटीत ब्रूसला पोत्यासारखं खांद्यावर टाकलं आणि पळत सुटला! ब्रूस चिडला, ओरडला. पण नंतर? त्याच लेबेलकडून उचलण्या-पाडण्याचे डाव शिकला. चिडून घरी बसला असता तर डाव गेले असते.

सगळ्यात भारी देवाणघेवाण मात्र 1959 ची, अमेरिकेला जायच्या आधीची. मधल्या सुट्टीत आपण म्हणतो ना, तुझी इडली दे, माझी पोळी-चटणी घे? तसंच! हाँगकाँगमध्ये शिऊ नावाचे कुंग-फूचे एक गुरुजी होते. ठरलं असं, की गुरुजींनी ब्रूसला कुंग-फूचे नवे प्रकार शिकवायचे आणि ब्रूसनं गुरुजींना चा-चा.

ब्रूस पटापट शिकला.

आणि गुरुजी? सांगतात, की त्यांना चा-चा काही शेवटपर्यंत जमला नाही!