तर्जनी, गोरिला आणि लाल त्रिकोण

जाड मिशा, डोक्यावर लष्करी टोपी आणि बघणाऱ्याच्या छातीवर रोखलेली तर्जनी. 5 सप्टेंबर 1914 च्या ‘लंडन ओपिनियन’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर हा चेहरा छापून आला. चित्रकार होते आल्फ्रेड लीट. चेहरा ब्रिटनचे युद्धमंत्री लॉर्ड किचनर यांचा. 1902 ते 1909 या काळात हिंदुस्थानात सरसेनापती असलेले तेच हे किचनर. मजकूर एवढाच, की देशाला तुमची गरज आहे. तीन वर्षांनी अमेरिकेत जेम्स माँटगोमेरी फ्लॅग यांनी हीच कल्पना उचलली आणि स्वतःचाच चेहरा जरा म्हातारा करून ‘अंकल सॅम’ रंगवला. 1917-18 मध्ये त्या पोस्टरच्या चाळीस लाखांहून अधिक प्रती छापल्या गेल्या.

चित्र इतकं स्वस्त आणि इतकं रंगीत होण्यामागे शिळाछपाईचं तंत्र होतं. आलॉइस झेनेफेल्डर यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस ते शोधलं आणि पुढे पॅरिसमध्ये ज्यूल शेरे यांनी त्यात रंगांची बहार आणली. आपल्याकडे 1894 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या रविवर्मा प्रेसमधून लक्ष्मी-सरस्वती घरोघरी गेल्या, त्या याच शिळाछपाईच्या जोरावर. दगड तोच, शाई तीच. देवी छापायची, साबण छापायचा की शत्रू, हे छापणाऱ्याच्या हाती.

दिवाणखान्यातला बाप

पहिल्या महायुद्धात उतरताना ब्रिटनकडे सक्तीची लष्करभरती नव्हती. माणसं राजीखुशीने यायला हवी होती, म्हणून संसदीय भरती समितीने पोस्टरांच्या कोटीहून अधिक प्रती काढल्या. त्यातलं सॅव्हिल लमली यांचं 1915 चं पोस्टर जरा निरखून पाहण्यासारखं आहे.

दिवाणखान्यात आरामखुर्चीत एक सुखवस्तू बाप बसलाय. मांडीवर मुलगी, तिच्यापुढे पुस्तक. पायाशी मुलगा खेळण्यातले सैनिक मांडतोय. मुलगी विचारते, बाबा, महायुद्धात तुम्ही काय केलंत? बापाकडे उत्तर नाही. तो मुलीकडे पाहत नाही, मुलाकडेही नाही. तो थेट आपल्याकडे पाहतो. चित्रात बंदूक नाही, रक्त नाही, शत्रू तर नाहीच. चित्रातला काळसुद्धा युद्ध संपल्यानंतरचा आहे. युद्ध आपण जिंकणार हे त्यात गृहीतच धरलंय; प्रश्न फक्त तुमच्या अब्रूचा उरतो. ज्याचं अजून लग्नसुद्धा झालेलं नाही, अशा तरुणाला उद्याच्या मुलीसमोर आजच मान खाली घालायला लावायची, ही या चित्राची करामत.

1915 अखेरपर्यंत जवळपास पंचवीस लाख माणसं स्वेच्छेने भरती झाली. त्यात पोस्टरांचा वाटा किती आणि बेकारीचा, मित्रांच्या आग्रहाचा, गावातल्या लोकलाजेचा किती, हे वेगळं काढता येत नाही. शिवाय तेवढी माणसंही पुरली नाहीत. जानेवारी 1916 मध्ये सक्तीच्या भरतीचा कायदा आला. विनंती संपली आणि हुकूम सुरू झाला.

इथे एक सावधगिरी हवी. आज गाजलेलं पोस्टर त्या काळीही गाजलं होतं असं नसतं. बाही सरसावून दंड दाखवणारी अमेरिकन कामगार स्त्री आज जगभर टी-शर्टांवर दिसते. मुळात जे. हॉवर्ड मिलर यांचं ते चित्र फेब्रुवारी 1943 मध्ये वेस्टिंगहाउस कंपनीच्या कारखान्यांत जेमतेम दोन आठवडे लागलं होतं. ‘कीप काम अँड कॅरी ऑन’ या पोस्टरच्या सुमारे पंचवीस लाख प्रती ब्रिटनने 1939 मध्ये छापल्या, पण त्या जवळपास सगळ्या गोदामातच पडून राहिल्या आणि पुढे रद्दीत गेल्या. 2000 मध्ये इंग्लंडमधल्या ॲनिक गावच्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात एक प्रत सापडली, तेव्हा कुठे ते जगाला माहीत झालं.

उलटलेला गोरिला

लमली यांनी शरमेचा आधार घेतला, तर अमेरिकेत एच. आर. हॉप्स यांनी भीतीचा. त्यांच्या 1917 च्या पोस्टरवर जबडा वासलेला एक गोरिला अमेरिकेच्या किनाऱ्यावर पाय ठेवतोय. डोक्यावर जर्मन शिरस्त्राण, मिशा जर्मन सम्राट कैसरसारख्या, एका हातात सोटा, दुसऱ्या हातात अर्धवस्त्र, असहाय स्त्री. मागे समुद्रापलीकडे युरोपचे भग्नावशेष. या पशूला मारा, असं पोस्टर सांगतं. शत्रूला जनावर ठरवलं, की त्याच्याशी बोलणी करण्याचा विचारच मनात येत नाही.

1939 मध्ये नाझींनी हेच चित्र जसंच्या तसं पुन्हा छापलं आणि जर्मन जनतेला सांगितलं, बघा, हे तुम्हाला काय समजतात! एका देशाने पेटवलेल्या द्वेषावर दुसऱ्याने आयती पोळी भाजून घेतली. हिटलरने तर ‘माइन काम्फ’मध्ये पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश प्रचाराचं उघड कौतुक केलं आहे. मार्च 1933 मध्ये गोबेल्सच्या हाती प्रचारमंत्रालय आलं, तेव्हा धडा गिरवायला नमुने तयार होते.

किंमत ब्रिटनलाही मोजावी लागली. एप्रिल 1917 मध्ये लंडनच्या वृत्तपत्रांनी बातमी दिली, की जर्मन लोक आपल्याच सैनिकांची प्रेतं उकळून त्यांची चरबी काढतात. 1925 मध्ये परराष्ट्रमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना संसदेत मान्य करावं लागलं, की या बातमीत तथ्य नव्हतं. लांडगा आला रे आला, ही ओरड लोकांच्या लक्षात राहिली. 1942 मध्ये नाझींच्या मृत्युछावण्यांच्या खऱ्या बातम्या येऊ लागल्या, तेव्हा अनेकांनी त्या सुरुवातीला तशाच थापा समजून बाजूला सारल्या.

सात युक्त्या

अशा अनुभवांनी शहाण्या झालेल्या काही अमेरिकन मंडळींनी 1937 मध्ये न्यू यॉर्कमध्ये ‘इन्स्टिट्यूट फॉर प्रोपगंडा ॲनालिसिस’ ही संस्था काढली. पुढाकार कोलंबिया विद्यापीठातल्या क्लाइड मिलर यांचा, पैसा बॉस्टनचे व्यापारी एडवर्ड फाइलीन यांचा. संस्थेने प्रचाराच्या सात युक्त्या सांगितल्या आणि त्या अनेक शाळा-कॉलेजांत शिकवल्या गेल्या.

पहिली, शिक्का मारणं: माणसाचं म्हणणं ऐकण्याआधीच त्याला नाव ठेवून मोकळं व्हायचं. दुसरी, चकचकीत मोघम शब्द: स्वातंत्र्य, प्रगती, अस्मिता, अर्थ ज्याचा त्याने लावायचा. तिसरी, पुण्याई उसनी घेणं: झेंडा, देव, आई यांच्या शेजारी आपला माल नेऊन ठेवायचा. चौथी, बड्यांची साक्ष. पाचवी, आम्ही तुमच्यातलेच: पुढाऱ्याने झुणका-भाकर खातानाचा फोटो काढून घ्यायचा. सहावी, सोयीचं तेवढंच सांगणं. आणि सातवी, सगळे निघाले, तुम्हीच का मागे?

1939 मध्ये आल्फ्रेड आणि एलिझाबेथ ली या दांपत्याने या संस्थेसाठी लिहिलेल्या पुस्तकात एक मजेदार प्रयोग केला. चार्ल्स कॉफलिन हे मिशिगनमधले धर्मगुरू तेव्हा रेडिओवरून ज्यूद्वेषी भाषणं ठोकत आणि लाखो लोक ती भक्तिभावाने ऐकत. लींनी त्यांचं भाषण घेऊन ओळीओळीत चिन्हं पेरली. शिक्का मारला तिथे खाली वळलेला अंगठा, मोघम शब्द आला तिथे चमकता हिरा, ‘मी तुमच्यातलाच’ आलं तिथे जुना बूट, सोयीचं तेवढंच सांगितलं तिथे पत्त्यातला एक्का. वाचताना ओजस्वी वाटलेलं भाषण चिन्हांनी गजबजून गेलं.

मग अमेरिका स्वतः युद्धात उतरली. गोबेल्स आणि कॉफलिन यांच्या प्रचाराची चिरफाड सगळ्यांना हवी होती. आता तीच पट्टी स्वतःच्या सरकारला लावण्याची वेळ आली आणि 1942 मध्ये संस्थेने आपलं काम थांबवलं. तिच्या सात युक्त्यांपेक्षाही हा शेवट मला अधिक शिकवणारा वाटतो.

आपल्या भिंतीवर

हीच पट्टी आता घराजवळ लावून पाहू. 1960 च्या दशकात केंद्र सरकारच्या कुटुंबनियोजन विभागातले अधिकारी दीप त्यागी यांनी उलटा लाल त्रिकोण देशभर पोचवला. सोबत चार हसरे चेहरे: आई, वडील, मुलगा, मुलगी. अक्षरओळख नसलेल्यालाही कळेल असं ते चित्र दवाखान्यांपासून गावच्या भिंतींपर्यंत सगळीकडे रंगलं. हेतू चांगला होता, कामही उत्तम होतं. पण युक्त्या पाहाल तर त्याच. सुखी कुटुंब हा मोघम शब्द आहेच. सोयीचं तेवढंच सांगणंही आहे: चित्रातल्या जोडप्याला नेमका एक मुलगा आणि एक मुलगी असते. दोन मुलीच झालेल्या बाईला घरात काय ऐकावं लागतं, ते चौकटीबाहेरच राहिलं.

पुढचं वळणही लंडनसारखंच आलं. आणीबाणीत 1976-77 या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांतल्या असंख्य जबरदस्तीच्या होत्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर 1976 मध्ये तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयक संमतही केलं. राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही. ज्या भिंतीवर विनंती रंगवली होती, तिच्यासमोर आता नसबंदीचा कोटा भरायला गाडी उभी राहू लागली.

म्हणून प्रचाराचा अभ्यास करायचा तर नाझींच्या पोस्टरांवर थांबून भागत नाही. शत्रूचं पोस्टर कुणालाही ओळखता येतं; कस लागतो तो आपल्या बाजूचं पोस्टर वाचताना. आता पोस्टर भिंतीवरून फोनमध्ये आलंय, पण युक्त्या अजून त्या सातच आहेत. या दिवाळीत एवढं करून पाहा: ज्या संदेशावर तुमची मान आपसूक डोलली आणि बोट ‘फॉरवर्ड’कडे गेलं, नेमका तोच निवडा. त्यात सातांपैकी किती युक्त्या आहेत ते मोजा आणि कोणती माहिती गाळली आहे ते शोधा. मग पाठवायचा की नाही, ते ठरवा.