सॉफ्टवेअर डेव्हलपरची मुलाखत

मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांत डेव्हलपरची निवड एका बैठकीत होत नाही. ती टप्प्याटप्प्याने होते. बायोडेटाची छाननी झाली की बहुधा ऑनलाइन चाचणी असते. तीत ठरावीक वेळेत दिलेल्या प्रश्नांसाठी प्रोग्रॅम लिहावे लागतात. पुढच्या फेऱ्यांत अनुभवी इंजिनिअर प्रश्न देतात आणि उत्तरापर्यंतचा विचार बोलून दाखवायला सांगतात.

इथे नुसते बरोबर उत्तर पुरत नाही. ते किती झटपट मिळते हेही पाहिले जाते. समजा, अकारविल्हे लावलेल्या १० लाख नावांतून एक नाव शोधायचे आहे. एकेक नाव तपासत गेल्यास १० लाख तुलना कराव्या लागू शकतात. दर वेळी मधले नाव पाहून नको असलेली अर्धी यादी सोडून दिली, तर जास्तीत जास्त २० तुलनांत काम होते. या पद्धतीला ‘बायनरी सर्च’ म्हणतात.

अनुभवी उमेदवारांना संपूर्ण प्रणालीचा आराखडाही मांडावा लागतो. अखेरीस पूर्वीचे काम, सहकाऱ्यांशी जुळवून घेणे आणि पगार यांवर बोलणे होते. उमेदवाराने प्रश्न नीट समजला नसेल तर आधी शंका विचारावी, मगच कोड लिहावा. घाईने लिहिलेल्या कोडपेक्षा स्पष्ट विचाराचे मोल अधिक असते.