उन्हात गाडीचे दार का अडते?

पुणे-सोलापूर लोहमार्गावरील जेऊर स्टेशनाबाहेर मे महिन्यातील दुपारी उभ्या असलेल्या मोटारीच्या पत्र्याला हात लावून पाहा. चटकाच बसेल. करमाळा तालुक्याच्या या भागात अशा दिवसांत सावलीतले तापमानही ४० अंश सेल्सियसच्या वर जाते. उन्हातला गडद रंगाचा पत्रा ६५ अंशांच्या पुढेही तापू शकतो. सकाळी सहज लागणारे दार अशा दुपारी अडते, दोनदा आपटावे लागते, असा अनुभव जुन्या गाडीच्या मालकांना असतो. कारण विचारले तर उत्तर तयार असते: "उष्णतेने पत्रा प्रसरण पावला."

या उत्तराचे मूळ आपल्या पाठ्यपुस्तकात आहे. रुळांच्या जोडात फट का ठेवतात, हा प्रश्न आपण सर्वांनी सोडवला आहे. पण नियम बरोबर असला, तरी तो किती प्रमाणात लागू पडतो हे मोजल्याशिवाय कळत नाही. म्हणून थोडे गणित करू.

एक मीटर लांबीचे पोलाद एक अंशाने तापले, की सुमारे ०.०१२ मिलिमीटरने वाढते. १३ मीटर लांबीचा रूळ ४० अंशांनी तापला, तर त्याची लांबी ६ मिलिमीटरहून अधिक वाढेल. तिथे फट हवीच. (आता बहुतेक मार्गांवर रूळ वेल्ड करून सलग केलेले असतात. स्लीपर आणि खडी त्यांना जखडून ठेवतात, त्यामुळे वाढीऐवजी रुळात ताण निर्माण होतो.) गाडीचे दार मात्र जेमतेम एक मीटर रुंद असते. तेही ४० अंशांनी तापले असे धरा. वाढ होईल अर्धा मिलिमीटर! दाराभोवतीची फट साधारण ४ ते ५ मिलिमीटर असते.

शिवाय आणखी एक गोष्ट आहे. प्रयोगशाळेतले गोळा आणि कडे आठवा. कडे तापवले तर त्याचे भोक लहान होईल की मोठे? वर्गात विचारून पाहा. अनेक मुले "लहान" म्हणतील. प्रत्यक्षात भोक मोठे होते. दाराची चौकट म्हणजे असेच एक कडे आहे. सगळी गाडी सारखी तापली, तर दाराबरोबर चौकटही त्याच प्रमाणात वाढते आणि फट कमी होतच नाही. फरक पडतो तो असमान तापण्याने. दाराचा बाहेरचा पत्रा उन्हात असतो, आतला त्यामानाने थंड. त्यामुळे दार किंचित बाहेरच्या बाजूला फुगते. पण हा फरकही अर्ध्या-एक मिलिमीटरच्या आसपासच राहतो.

मग दार अडते कशामुळे? बहुधा बिजागरीमुळे. दाराचे वजन २५ किलोग्रॅम आणि गुरुत्वमध्य बिजागरीपासून अर्धा मीटर दूर आहे असे धरा. दोन बिजागऱ्यांमध्ये ३५ सेंटिमीटर अंतर असेल, तर वरच्या बिजागरीवर सुमारे ३६ किलोग्रॅम वजनाइतकी आडवी ओढ बसते आणि खालचीवर तेवढाच दाब. वर्षानुवर्षे दार उघडून-लावून बिजागरीची पिन झिजते. वरच्या पिनेत एक मिलिमीटर ढिलाई आली, तर एक मीटर दूर असलेली दाराची कड जवळजवळ ३ मिलिमीटर खाली येते. तरफेचाच हा नियम.

आता कोडे सुटते. झिजेने बरीचशी फट आधीच खाल्लेली असते. उरलेला अर्धा मिलिमीटर ऊन खाते. त्यातच तापलेली रबरी पट्टी मऊ होऊन पत्र्याला चिकटू लागते. उन्हाने दोष निर्माण केला नाही, लपलेला दोष उघडा पाडला.

म्हणूनच तापलेल्या गाडीचे दार ठोकून किंवा वाकवून बसवणे चुकीचे आहे. मूळ झीज तशीच राहते आणि पावसाळ्यात फटीतून पाणी आत येते. कुलपाला दोन खटके असतात. दार पहिल्याच खटक्यावर अडकून राहिले, तर ते रस्त्यात उघडण्याचा धोका असतो.

दुरुस्तीचा क्रम असा ठेवावा. सकाळी, गाडी सावलीत आणि सपाट जागेवर असताना, दाराभोवतीची फट पोस्टकार्डे एकावर एक ठेवून चार ठिकाणी मोजावी. दुपारी तीच मापे पुन्हा घ्यावीत. नंतर दार अर्धे उघडून त्याची कड वर उचलून पाहावी. बिजागरीत खटखट जाणवली, तर पिन किंवा बुश बदलावा. खटखट नसेल, तर चौकटीवरील कुलपाची कडी पाहावी. गॅरेजमध्ये तिला स्ट्रायकर म्हणतात. तिच्या मूळ जागेभोवती पेन्सिलने खूण करून, स्क्रू थोडे सैल करून, एकेक मिलिमीटरनेच ती सरकवावी. रबरी पट्टी पुसून टाल्कम पावडर लावावी. इंजिनाचे तेल लावू नये, त्याने रबर खराब होते. गाडीला अपघात झालेला असेल, तर चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून दुसऱ्या बाजूच्या चौकटीशी ताडून पाहावेत. फरक आढळला तर चौकटच वाकली आहे. तिथे स्ट्रायकर सरकवून भागत नाही.

प्लॅस्टिकच्या बंपरची गोष्ट मात्र वेगळी. ते प्लॅस्टिक पोलादाच्या पाच-सहा पट किंवा त्याहून अधिक प्रसरण पावते. पावणेदोन मीटरचा बंपर ४० अंशांनी तापला, तर चार-पाच मिलिमीटर वाढतो. म्हणून त्याच्या स्क्रूंसाठी लांबट भोके ठेवलेली असतात. दुरुस्तीत तिथे जादा स्क्रू मारून तो जखडला, की उन्हात तो फुगतो. इथे खरोखरच प्रसरण दोषी असते!

शाळेच्या आवारात एखादी गाडी उभी राहत असेल, तर विद्यार्थ्यांकडून सकाळ-दुपारची मापे घेऊन फळ्यावर तक्ता मांडावा. "उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतात" या वाक्यापुढे "किती?" हा प्रश्न विचारण्याची सवय त्यातून लागेल.