पोराला कॉलेजात लिहिता यावे म्हणून

गेल्या महिन्यात कामानिमित्त मुंबईस गेलो असता आम्ही मुद्दाम भांडुपला उतरलो. आपल्या एका सभासदाचा मुलगा तेथे टेंभीपाड्यात आत्याकडे राहून कॉलेजात शिकतो. गावच्या शाळेत दहावीला मराठीत पहिला आलेला पोरगा. आणि इथे पहिल्याच सत्रात इंग्रजी लेखनात नापास! बापाने उसाच्या बिलातून फी भरलेली, त्यामुळे घरी कळवायचीही चोरी. "काका, बाबांना सांगू नका," हे त्याचे पहिले वाक्य.

मुंबई विद्यापीठात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला 'कम्युनिकेशन स्किल्स' आणि बी.कॉम.ला 'बिझनेस कम्युनिकेशन' हे विषय वर्षानुवर्षे सक्तीचे होते. अर्ज, तक्रारीचे पत्र, अहवाल, सारांश असले लेखन त्यात येई. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर विषयांची नावे आणि मांडणी बदलली, पण लिहिणे काही सुटले नाही.

आम्ही त्याची वही मागून घेतली. विषय होता, 'माझ्या परिसरातील पाण्याचा प्रश्न'. पोराने मोबाइलवरून दोन पाने उतरवली होती. त्यात तापमानवाढ होती, आफ्रिका होती, पृथ्वीवर किती पाणी आहे तेही होते. भांडुप कुठेच नव्हते. सरांनी तांबड्या शाईने एवढेच विचारले होते, 'तुझा परिसर कोठे आहे?' दहापैकी तीन गुण.

आता गंमत पाहा. वैतरणा-तानसाचे पाणी शुद्ध करून मुंबईस पुरवणारे महापालिकेचे प्रचंड केंद्र याच भांडुपात आहे. आणि आत्याच्या खोलीपर्यंत डोंगरावर पाणी चढत नाही, म्हणून हाच पोरगा पहाटे पाचला उठून खालच्या नळावरून हंडे आणतो! आत्याबाई आतून म्हणाल्या, "अहो दादा, तेच लिहायचं होतं की त्यानं!" त्यावर पोरगा म्हणतो, "असलं कोण लिहितं? इंग्रजीत कसं दिसंल ते?"

सभासद बंधूंनो, आमच्या मते दुखणे इंग्रजीचे थोडे आणि या भीतीचे फार. आपले रोजचे जगणे कागदावर मांडण्याजोगे नाही, असे आपल्या पोरांच्या मनाने घेतलेले असते. पूर्वी त्यावर गाईड होते, आता मोबाइल आहे.

रात्री मुक्काम तेथेच केला आणि पोराला कागद घेऊन बसवले. आधी तोंडी मराठीत सांग म्हटले. पाणी किती वाजता येते, पायऱ्या किती, हंडे किती, नागा झाला तर आत्याच्या गुडघ्यांचे काय होते? मग तेच इंग्रजीत, एका वाक्यात एकच गोष्ट. दहा वाक्ये झाली, त्यातली चार त्यानेच खोडली. सकाळी मोठ्याने वाचायला लावले. जिथे अडखळला तिथेच वाक्य वाकडे निघाले. (आमचे इंग्रजी बेताचेच, पण अडखळणे कानाला कळते.)

एक गोष्ट मात्र त्याला जड गेली. कच्चा कागद आठवडाभर आधी सरांना दाखव म्हटले, तर मान खाली. सरांकडे जाणे म्हणजे आपला अडाणीपणा उघडा पडणे, अशी समजूत. शेवटी गेला. फोनवर सांगत होता, सरांनी पाच मिनिटांत क्रियापदांच्या चुका दाखवल्या आणि पुन्हा ये म्हणाले.

आपल्यालाही घरबसल्या यात करण्यासारखे आहे. ऊसनोंदीत दुरुस्ती असो की पाटपाण्याची तक्रार, अर्जासाठी आपण गट कार्यालयात कारकुनाच्या मागे लागतो. तो अर्ज घरच्या पोरापोरींकडून लिहून घ्यावा. चुकला तर परत लिहायला लावावा. कॉलेजात तरी दुसरे काय मागतात?

पोराची फेरपरीक्षा अजून व्हायची आहे. बापाला मात्र त्याने स्वतःच पत्र लिहून नापास झाल्याचे कळवले. परवा ते पत्र घेऊन वडील गट कार्यालयात आले होते. दीड पान होते. नापासाचे ते काही बोलले नाहीत. घडी घालता घालता एवढेच म्हणाले, "पाणी भरतोय, हे आम्हाला ठावंच नव्हतं."