‘पावनखिंड’ : सूड आणि रान

देगलूर, प्रतिनिधी – दिग्पाल लांजेकर दिग्दर्शित ‘पावनखिंड’ (२०२२) पाहून कुणी बाजीप्रभूंच्या (अजय पूरकर) झुंजीने भारावते, तर कुणास सूडाचा भाग अतिरंजित वाटतो. सूड मात्र इतिहासातलाच आहे. १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफझलखान मारला गेला. पुढच्या वर्षी त्याचा पुत्र फाजलखान सिद्दी जौहरसह पन्हाळ्याच्या वेढ्यात होता. महाराजांना सुटका साधायची होती. आपल्याकडच्या सपाट काळ्या रानात वाढलेल्यास ती वाट डोळ्यांपुढे आणणे अवघडच! आषाढी पौर्णिमा, पण आभाळ भरलेले. चिखल, ओढे, आणि विशाळगडापर्यंत सुमारे ६० किलोमीटर अंतर. घोडखिंड इतकी अरुंद की पाठलाग करणाऱ्यांचे संख्याबळ तेथे निरुपयोगी ठरले. हे रानच खरे पात्र असून, लढाईच्या गदारोळात ते झाकोळते.